एकच किनारा, चार समुद्र

  लोकलच्या गर्दीत ज्यांना धड ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहूनही देतेय. चौथ्या सीटवर अर्धं बसून वाचलात तरी चालेल.

आजचा विषय आहे समुद्र. आता तुम्ही म्हणाल, बदलापुरात बसून समुद्राच्या गप्पा कसल्या मारतेस? आपल्या अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूरमधून तर समुद्र दिसतही नाही. बरोबर आहे. पण समुद्राचं जे वेळापत्रक आहे ना, त्यावर आपली ही तिन्ही गावं आजही चालतात. हजार वर्षांपूर्वीही चालत होती. कशी, ते आज बघूया.

आधी एक रील आठवा

पोर्तुगालमधल्या नाझरे गावाची रील तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. लाल दीपगृह, त्याच्यामागे सात-आठ मजली इमारतीएवढी लाट, आणि त्या लाटेवरून घसरत येणारा एक ठिपक्याएवढा माणूस. सेबॅस्टियन स्टॉयडनर नावाच्या जर्मन सर्फरने २९ ऑक्टोबर २०२० ला तिथे २६.२१ मीटर उंचीची लाट पार केली आणि गिनीज बुकात त्याची विक्रम म्हणून नोंद झाली.

तारीख बघा. ऑक्टोबरची अखेर. नाझरेच्या मोठ्या लाटांचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मार्च. म्हणजे तिथला हिवाळा. उत्तर अटलांटिकमध्ये हिवाळ्यात एकामागून एक वादळं उठतात, त्यांनी ढकललेलं पाणी हजारो किलोमीटर प्रवास करून युरोपच्या किनाऱ्यावर येतं. नाझरेच्या समोर समुद्राच्या तळाशी एक खोल दरी आहे, ती त्या लाटांना आणखी उंच करते. उन्हाळ्यात त्याच किनाऱ्यावर लोक पोरंबाळं घेऊन आरामात पोहतात.

आता आपल्याकडे या. डिसेंबरमध्ये नाझरे खवळलेलं असतं तेव्हा अलिबागचा समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा असतो. आणि जुलैमध्ये, तिकडे पोहण्याचा सीझन जोरात असताना, आपल्याकडे कोळीबांधव होड्या किनाऱ्यावर ओढून, झावळ्यांनी शाकारून बसलेले असतात. अगदी उलटं वेळापत्रक!

असं का? लाट तयार व्हायला तीन गोष्टी लागतात. वारा किती जोरात वाहतो, किती वेळ वाहतो आणि किती लांबच्या पाण्यावरून वाहतो. अटलांटिकमध्ये या तिन्ही गोष्टी हिवाळ्यात जुळून येतात. अरबी समुद्रात त्या जुळतात जून ते सप्टेंबरमध्ये. नैर्ऋत्य मोसमी वारे सोमालियाच्या बाजूने सुटतात आणि दोन हजार किलोमीटरहून जास्त मोकळ्या पाण्यावरून, आठवडेच्या आठवडे न थांबता, थेट आपल्या किनाऱ्याकडे येतात. मग लाटा मोठ्या नाही होणार तर काय होणार?

'मोसम' हा शब्दच मुळात अरबी खलाशांचा. अर्थ आहे ऋतू, ठरलेली वेळ. त्याच शब्दावरून इंग्रजीतला 'मान्सून' आला. म्हणजे आपण ज्याला पाऊस म्हणतो, त्याला समुद्रावरची माणसं वेळ म्हणत होती.

चार समुद्र

कोकण किनाऱ्यावर वर्षभरात एक नाही, चार समुद्र असतात. मी हे माझ्या सोयीने भाग पाडलेत, पण कोळीवाड्यातल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाला विचारा, तोही असेच काहीतरी सांगेल.

पहिला समुद्र थंडीतला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. वारा बहुतेक जमिनीवरून समुद्राकडे, तोही हलका. किनाऱ्याजवळच्या लाटा साधारण अर्ध्या ते एक मीटरच्या. अधूनमधून एक पाहुणा मात्र येतो. इराणच्या आखाताकडे 'शमाल' नावाचे जोरदार वायव्य वारे सुटतात आणि त्यांनी उठवलेल्या लाटा एक-दोन दिवसांनी आपल्या किनाऱ्यावर पोचतात. आकाश निरभ्र, इथे वारा नाही, आणि तरी पाणी हलतंय, असं दिसलं तर समजायचं, लांबून आलेली लाट आहे.

दुसरा समुद्र उन्हाळ्यातला, मार्च ते मे. शाळेच्या भूगोलात आपण मतलई वारे आणि खारे वारे शिकलो ना, ते आता रोज अनुभवाला येतात. सकाळी समुद्र गुळगुळीत, दुपारनंतर खारा वारा सुटला की फेसाळलेला. शिवाय एप्रिल-मेमध्ये पार दक्षिणेकडच्या हिंदी महासागरातल्या वादळांच्या लाटा हजारो किलोमीटर चालून आपल्याकडे येतात. केरळात त्यांना 'कळ्ळक्कडल' म्हणतात, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र. काही चाहूल नसताना पाणी वर चढतं, म्हणून ते नाव. हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी संस्था आता याचा इशारा आधी देते. आपल्या देशातल्या सर्फिंगच्या मोठ्या स्पर्धा मंगळुरूच्या बाजूला मेच्या शेवटी आणि जूनच्या सुरुवातीला झाल्या आहेत, तेही याच गणितामुळे. लाट वाढलेली असते, पण पावसाळ्याचा दणका अजून बसलेला नसतो.

तिसरा समुद्र पावसाळ्यातला, जून ते सप्टेंबर. खोल समुद्रात चार-पाच मीटरच्या लाटा म्हणजे काही विशेष नाही. किनाराही बदलतो. या लाटा पुळणीवरची वाळू ओढून आत नेतात आणि समुद्रात किनाऱ्याला समांतर तिचे बांध घालतात. मे महिन्यात जिथे तुम्ही क्रिकेट खेळलात, तिथे जुलैमध्ये पुळण अरुंद आणि उताराची झालेली असते. या वाळूच्या बांधांमधल्या फटींतून किनाऱ्यावर चढलेलं पाणी जोरात मागे जातं. वरून बघणाऱ्याला तिथे लाट फुटताना दिसत नाही, म्हणून तीच जागा शांत वाटते. दर पावसाळ्यात सहलीला गेलेली मुलं बुडतात, ती बऱ्याचदा अशाच ठिकाणी.

चौथा समुद्र परतीचा. ऑक्टोबर, नोव्हेंबर. नैर्ऋत्य वारा पडलेला, वाळू हळूहळू परत येतेय. दिसायला शांत, पण हा चक्रीवादळांचाही काळ. दुसरा तसा काळ म्हणजे मे आणि जूनची सुरुवात. ३ जून २०२० चं निसर्ग वादळ आणि मे २०२१ चं तौक्ते आठवत असेलच. तौक्तेत मुंबईच्या समोर समुद्रात पी-३०५ नावाचा तराफा बुडाला आणि सत्तरहून जास्त कामगार गेले.

हे झालं आजचं शास्त्र. आता इतिहासाकडे वळूया, कारण हे चार समुद्र ओळखण्यावर इथे राज्यं उभी राहिली आणि माणसं मेलीसुद्धा.

आपल्या शेजारचं बंदर

बदलापूरवरून चार स्टेशनं पुढे कल्याण. आज आपल्यासाठी कल्याण म्हणजे जंक्शन, गाडी बदलायची जागा. दोन हजार वर्षांपूर्वीही ते जंक्शनच होतं, फक्त गाड्यांच्या जागी जहाजं होती. आपली उल्हास नदी लोणावळा-खंडाळ्याकडच्या डोंगरात उगम पावते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला येते आणि तिथे खाडीला मिळते. खाडी पुढे समुद्राला. घाटावरचा माल बोरघाट आणि नाणेघाटातून खाली यायचा, कल्याणला जहाजात चढायचा.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने 'पेरिप्लस' नावाची एक खलाशांची मार्गदर्शिका लिहिली. आजच्या भाषेत सांगायचं तर हिंदी महासागराचा ट्रॅव्हल गाइड. त्यात कल्याणचं नाव 'कल्लिएना' असं येतं. त्याची एक तक्रारही आहे. तो म्हणतो की पूर्वी हे बंदर खुलं होतं, पण आता राज्यकर्ते बदललेत आणि चुकून इथे आलेल्या ग्रीक जहाजांना पहारा देऊन भरूचला पाठवलं जातं. म्हणजे बंदरांची भांडणं तेव्हाही होतीच.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचं म्हणजे त्याने दिलेलं वेळापत्रक. इजिप्तहून भारताकडे जहाज कधी सोडायचं? जुलैमध्ये. तांबड्या समुद्रातून बाहेर पडेपर्यंत मोसमी वारा पाठीशी मिळतो, आणि भारताचा किनारा गाठेपर्यंत त्याचा जोर ओसरायला लागलेला असतो. परत कधी जायचं? थंडीत वारा उलटला की. एका वर्षात एक फेरी. घाई करून उपयोग नाही.

कान्हेरीच्या लेण्यांमध्ये कल्याणच्या दानशूरांची नावं कोरलेली आहेत. सहाव्या शतकातल्या कॉस्मस नावाच्या प्रवाशाने कल्याणहून पितळ, लाकूड आणि कापड बाहेर जातं असं लिहून ठेवलंय. हा सगळा पैसा समुद्राच्या वेळापत्रकावर उभा होता.

आणि आता अंबरनाथ. आपलं शिवमंदिर शके ९८२ चं, म्हणजे इसवी सन १०६० चं. शिलालेखात शिलाहार राजा मुम्मुणीचं नाव आहे. मंदिराचं कोरीवकाम बघायला लोक लांबून येतात, पण एक प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. इतकं मंदिर बांधायला पैसा आला कुठून? शिलाहार हे उत्तर कोकणाचे राजे. त्यांच्या हातात ठाणे, सोपारा यांच्यासारखी बंदरं होती, आणि बंदरांवरची जकात हे कोकणातल्या राज्यांचं मोठं उत्पन्न. म्हणजे वालधुनीच्या काठावरच्या त्या काळ्या दगडांमागे, मला तरी, थंडीतल्या शांत समुद्रावरून येणारी जहाजं दिसतात.

ज्याने वेळापत्रक मोडलं

वास्को द गामा शाळेत आपण पाठ केला. १४९८, कालिकत, वगैरे. पण शाळेत एक भाग नीट सांगत नाहीत, आणि तोच सगळ्यात भारी आहे.

गामा हा अटलांटिकचा माणूस. आफ्रिकेला वळसा घालून तो मालिंदीला पोचला. तिथे त्याला अरबी समुद्र माहीत असलेला वाटाड्या मिळाला. २४ एप्रिलला निघाले आणि २० मेला केरळच्या किनाऱ्यावर. साधारण पावणेचार आठवडे. मोसमी वारा नुकताच पाठीशी येत होता, वाटाड्याला वेळ बरोबर माहीत होती.

परतताना काय झालं? कालिकतच्या राज्यकर्त्यांशी बिनसलं आणि गामा ऑगस्टच्या शेवटी निघाला. कारवारजवळच्या अंजदीव बेटावर थोडे दिवस थांबला आणि ५ ऑक्टोबरला आफ्रिकेकडे जहाजं हाकली. थंडीतला परतीचा वारा अजून बसलाच नव्हता. कधी वारा पडलेला, कधी समोरून. जो समुद्र जाताना पावणेचार आठवड्यांत पार केला, तो परतताना जवळपास तीन महिने संपेना. २ जानेवारी १४९९ ला आफ्रिकेचा किनारा दिसला. तोवर तीसेक माणसं हिरड्या सुजून, अंग फुटून मेली होती. तीन जहाजं चालवायला माणसंच उरली नाहीत, म्हणून साओ राफाएल हे जहाज त्यांना स्वतःच्या हाताने जाळावं लागलं.

दोन-अडीच महिने थांबला असता तर? हाच तर धडा पोर्तुगीजांनी पुढे गिरवला. नंतरची शंभर-दीडशे वर्षं लिस्बनहून निघणारे तांडे साधारण मार्च-एप्रिलमध्ये सुटायचे, म्हणजे गोव्याला पावसाळा संपताना, सप्टेंबरच्या आसपास पोचता येईल. आणि गोव्याहून परतायचे डिसेंबर-जानेवारीत. एका टोकाला अटलांटिकचा हिवाळा, दुसऱ्या टोकाला आपला पावसाळा. दोन्ही खवळलेल्या समुद्रांच्या मधल्या फटीतून जहाज काढायचं.

ज्यांनी वेळापत्रक वापरलं

ऑक्टोबर १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. पावसाळा नुकता संपलेला. आणि आपल्या या उल्हासच्या खाडीत मराठ्यांची जहाजं बांधायला सुरुवात झाली. मराठी आरमाराची सुरुवात सांगताना सिंधुदुर्गाचं नाव आधी येतं, पण त्याच्या आधी कल्याणची खाडी आहे. जागाही नेमकी. खवळलेल्या समुद्रापासून आत, सुरक्षित, भरतीचं पाणी मिळतं आणि लाकूड डोंगरातून खाली येतं.

पुढच्या तारखा बघा. सिंधुदुर्गाची पायाभरणी नोव्हेंबर १६६४. बसरूरची समुद्री मोहीम फेब्रुवारी १६६५. सगळं थंडीतल्या समुद्रावर.

आणि मग येतं खांदेरी. मुंबईच्या तोंडावरचं हे बेट. १६७९ च्या ऑगस्टच्या अखेरीला मायनाक भंडारी आपली माणसं घेऊन तिथे उतरला आणि तटबंदी सुरू केली. पावसाळा पुरता सरलाही नव्हता! मोठ्या जहाजांना बेटाजवळ वावरायला अवघड, असे ते दिवस. मराठ्यांच्या होड्या लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या, वल्ह्यांवर पळणाऱ्या. इंग्रजांची जहाजं मोठी आणि वाऱ्यावर अवलंबून. सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये चकमकी झाल्या, इंग्रजांच्या तोफा भारी होत्या, पण बेटावर रसद पोचायची थांबली नाही. शेवटी १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला. तोफांच्या संख्येवर हे युद्ध जिंकलं गेलं नाही. कुठल्या महिन्यात कुठली होडी चालते, हे ज्याला माहीत होतं, तो जिंकला.

१९४७: एक बंदर, दोन समुद्र

आता आपण आजी-आजोबांच्या काळात येतोय, आणि हा भाग थोडा जड आहे.

कोकणात जाणारी बोट आठवते का कुणाला घरात? भाऊच्या धक्क्यावरून सुटायची, बंदरं करत रत्नागिरी, पुढे गोव्यापर्यंत. ती पावसाळ्यात बंद असायची. जून ते सप्टेंबर चाकरमान्याला बोटीने गावी जाता यायचं नाही, म्हणजे नाहीच. पण मुंबईच्या जवळची फेरी, रेवसची, पावसाळ्यातही चालायची. अंतर थोडं, म्हणून धोका कमी वाटायचा.

१७ जुलै १९४७. आषाढातली अमावास्या तोंडावर. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती मोठी असते, त्याला आपण उधाण म्हणतो. रामदास बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सातशेच्या आसपास माणसं. वाटेत वादळी पाऊस आला, लाटा आत यायला लागल्या, घाबरलेली माणसं एका बाजूला धावली आणि बोट कलंडली. सहाशेहून जास्त माणसं बुडाली. मुंबईपासून काही मैलांवर. कारणं अनेक होती, पण एक कारण साधं होतं. जुलैच्या समुद्राला लोकांनी जवळचा समुद्र समजलं.

याआधी १८८८ मध्येही असंच झालं होतं, फक्त चौथ्या समुद्रात. वैतरणा नावाची आगबोट, लोक तिला विजेच्या दिव्यांमुळे 'वीजळी' म्हणायचे, नोव्हेंबरमध्ये कच्छच्या मांडवीहून मुंबईला निघाली. वाटेत चक्रीवादळ. सातशेहून जास्त माणसांसह ती नाहीशी झाली.

परत १९४७ ला येऊया. रामदास बुडाली आणि महिन्याभरात फाळणी झाली. पावसाळा ओसरला आणि कराचीहून मुंबईकडे सिंधी कुटुंबांनी भरलेल्या बोटी यायला लागल्या. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि बोटी आणखी भरल्या. घर गेलं, दुकान गेलं, गाव गेलं. पण तो थंडीतला समुद्र होता. पहिला समुद्र. त्या प्रवासात दुःख अपार होतं, तरी समुद्राने त्यात भर घातली नाही.

या लोकांना कुठे ठेवायचं? कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी रिकामी पडली होती. तिथल्या बराकींमध्ये एक लाखाच्या आसपास माणसं राहायला आली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी तिथे नव्या गावाची कोनशिला बसवली. नदीवरून नाव पडलं उल्हासनगर. कॅम्प वन, कॅम्प टू हे आपण रिक्षावाल्याला आजही सांगतो, ते त्या छावणीचेच कॅम्प.

आणि गंमत बघा. सिंधी समाजाचं दैवत झुलेलाल, पाण्याचं दैवत. त्यांचं चालिहो व्रत चाळीस दिवसांचं, जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत. हे दिवस सिंधू नदीला पूर असण्याचे. आपल्या कोळ्यांची नारळी पौर्णिमा श्रावणात, बंद समुद्राच्या शेवटी. दोन भाषा, दोन प्रांत, पण पाण्यापुढे हात जोडायचे दिवस जवळजवळ तेच. सिंधहून आलेल्या माणसाला उल्हासच्या काठावर निदान पाण्याचं कॅलेंडर तरी ओळखीचं मिळालं.

मग आपल्याला काय?

समुद्र बंद असल्याची खूण आपल्या स्वयंपाकघरातही आहे. मे महिन्यात आई-आजी जी अगोटची खरेदी करते, सुके बोंबील, सोडे, जवळा डब्यात भरून ठेवते, ती पुढच्या बंद समुद्राची तयारी. आज १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. कायदा नवा आहे, सवय फार जुनी.

पण खरा मुद्दा नदीचा आहे. तिसरा समुद्र जे ढग पाठवतो ते सह्याद्रीला धडकतात, आणि तो पाऊस उल्हासमधून आपल्या दारावरून खाली जातो. जाणार कुठे? खाडीत. खाडी जर त्याच वेळी भरतीने भरलेली असेल, तर खालचं पाणी पुढे सरकत नाही आणि वरून येणारं थांबत नाही. बदलापुरात भरती येत नाही हे खरं, पण नदीची वाट कल्याणच्या पुढे भरतीच अडवते.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दुपारी समुद्राला ४.४८ मीटरची भरती होती. मुंबईची बातमी जगभर गेली, पण उल्हासने बदलापूर आणि कल्याणलाही सोडलं नाही. वालधुनी, जिला आपण एरवी नाला म्हणतो, तिनेही त्या दिवशी आपण नदी असल्याचं दाखवून दिलं.

मग २७ जुलै २०१९. कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली. हजाराहून जास्त प्रवासी. रुळ दिसत नव्हते, डब्यांच्या पायऱ्यांना पाणी. एनडीआरएफ, नौदल आणि आसपासच्या गावातले लोक, सगळ्यांनी मिळून बोटींतून माणसं बाहेर काढली. सगळे वाचले. आपल्या गावाजवळ, रेल्वेच्या रुळांवर, होड्या चालल्या. समुद्र दिसत नाही म्हणणाऱ्या गावात!

दोन्ही तारखा जुलैच्या शेवटच्या आठवड्यातल्या. तिसऱ्या समुद्राच्या ऐन भरातल्या. नदीकाठी दोन रेषा आखलेल्या असतात. निळी पूररेषा, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांत एकदा पाणी जिथवर येतं ती. लाल, शंभर वर्षांत एकदा येतं ती. घर घेताना आपण स्टेशन किती मिनिटांवर, पाणी किती तास, पार्किंग आहे का, हे सगळं विचारतो. आमच्या बदलापुरात नदी दिसणाऱ्या फ्लॅटचे पैसे जास्त लागतात. ही इमारत कुठल्या रेषेत आहे, हे मात्र कुणी विचारत नाही. कल्याणचा दोन हजार वर्षांपूर्वीचा व्यापारी जहाज सोडताना महिना बघायचा. आपण आयुष्यभराचं कर्ज काढताना तेवढं तरी बघावं.

आणि एक साधी गोष्ट. जुलैच्या लाँग वीकेंडला ग्रुपवर 'चलो अलिबाग' असा मेसेज येईल तेव्हा जरूर जा. भजी खा, पाऊस बघा, लाटा लांबून बघा. पण निघण्याआधी त्या दिवसाची भरतीची वेळ फोनवर बघा, इन्कॉइसचा लाटांचा इशारा बघा, आणि पाण्यात उतरू नका. सिंधुदुर्गाकडे जाणाऱ्या होड्या पावसाळ्यात बंद असतात. त्या चालवणाऱ्यांचं पोट त्यावर आहे, तरी ते बंद ठेवतात. त्यांना ते पाणी आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

बदलापूर हे नाव घोडे बदलण्यावरून पडलं असं लोक सांगतात. घाटाखाली आलेला स्वार इथे थकलेला घोडा सोडून ताजा घ्यायचा म्हणे. खरं-खोटं असो, सवय चांगली आहे. पुढची वाट कशी आहे ते बघायचं, आणि त्याप्रमाणे बदल करायचा.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरात कुणी कोकणच्या बोटीने प्रवास केला असेल, कुणी कराचीहून बोटीने आलं असेल, किंवा २००५ च्या पुराच्या आठवणी असतील, तर त्यांना शांतपणे बसवून विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. कुठला महिना होता, तेही विचारायला विसरू नका.